तोट्याची मुदत

२०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात झालेल्या मुसळधार पावसानंतर वरच्या धरणांतून पाणी सोडण्यात आले आणि वैनगंगेने भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत व नदीकाठच्या गावांत प्रवेश केला. घरे बुडाली, उभे धान कुजले, दुकानांतील माल भिजला. त्या वर्षी मार्चपासून टाळेबंदीने व्यापाराचे कंबरडे आधीच मोडले होते. त्यावर हा दुसरा घाव बसला. पाणी ओसरल्यावर तलाठी आले, पंचनामे झाले, मदतीच्या घोषणा झाल्या. हे सारे वृत्तपत्रांतून आले, विधिमंडळात गाजले, आणि यथाकाल विसरलेही गेले. परंतु त्याच पुराची एक दुसरी हानी अशी होती की, तिचा पंचनामा कोणीच केला नाही. ज्या व्यापाऱ्याचा, गिरणीमालकाचा किंवा कापड दुकानदाराचा त्या वर्षी तोटा झाला, त्याला तो तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क कायद्याने दिलेला होता. हा हक्क विहित मुदतीत विवरणपत्र भरले नाही तर जातो. पुरात खातेवह्या भिजलेल्या माणसाचाही जातो.

प्राप्तिकराच्या कायद्यातील हा भाग सामान्य वाचकाला रुक्ष वाटेल, आणि तो आहेही. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा आहे. धंद्यात नफा झाला की सरकार त्यात भागीदार म्हणून उभे राहते. तोटा झाला की त्या भागीदाराने काय करावे? कोणतेही सरकार तोट्याचा वाटा रोख देत नाही. मात्र कर वर्षावर्षाला आकारला जातो आणि धंदा काही दर ३१ मार्चला मरून १ एप्रिलला पुन्हा जन्म घेत नाही, एवढे सत्य बहुतेक देशांच्या कायद्यांनी मान्य केले आहे. एका वर्षी दहा लाखांचा तोटा आणि पुढच्या वर्षी दहा लाखांचा नफा झालेल्या माणसाने दोन वर्षांत काहीच मिळवलेले नसते. त्याच्याकडून दुसऱ्या वर्षाच्या दहा लाखांवर कर घेणे म्हणजे उत्पन्नावर नव्हे, तर भांडवलावर कर घेणे होय. आपल्याकडे १९२२ च्या कायद्यात प्रारंभी तोटा त्याच वर्षीच्या इतर उत्पन्नातून वजा करता येत असे, पुढे ओढता येत नसे. ती सोय १९३९ च्या दुरुस्तीने आली. १९६१ च्या कायद्याने आठ वर्षांची मर्यादा ठेवली. त्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून अमलात आणण्यासाठी संसदेने २०२५ साली नवा कायदा केला, कलमांची भाषा सुटसुटीत केली. पण आठ वर्षांची मर्यादा आणि वेळेत विवरणपत्र भरण्याची अट या दोन्ही गोष्टी त्यानेही तशाच राखल्या.

या व्यवस्थेचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण ती न समजल्यामुळेच बहुतेकांचे नुकसान होते. धंद्यातील तोटा ज्या वर्षी झाला त्या वर्षी तो व्याज, घरभाडे यांसारख्या इतर उत्पन्नातून वजा होतो. पगारातून मात्र होत नाही. गिरणीमालकाची पत्नी शिक्षिका असेल तर तिच्या पगाराशी या तोट्याचा संबंध नाही हे उघडच आहे. परंतु मालक स्वतः कोठे नोकरीस असला तरी त्याच्या पगारातून तो वजा होत नाही. उरलेला तोटा पुढच्या वर्षात जातो, आणि तेथे त्याची वाट अधिक अरुंद होते. पुढे ओढलेला तोटा केवळ धंद्याच्या नफ्यातूनच वजा करता येतो. पूर्वी तोच धंदा चालू असला पाहिजे अशीही अट होती. ती १९९९ च्या वित्त कायद्याने काढून टाकली. त्यामुळे राइस मिल बंद करून किराणा घाऊक विक्री सुरू करणाऱ्यालाही जुना तोटा वापरता येतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

घसाऱ्याची गोष्ट वेगळी. यंत्रसामग्री आणि इमारत यांवर दरवर्षी मिळणारा घसारा नफ्यात सामावला नाही, तर त्याला तोट्यापासून निराळे काढून ठेवतात. त्यावरही १९९६ च्या वित्त कायद्याने आठ वर्षांची मर्यादा घातली होती; २००१ च्या कायद्याने ती उठवली. आज न सामावलेला घसारा कितीही वर्षे पुढे जाऊ शकतो, आणि विवरणपत्र उशिरा भरले म्हणून तो बुडत नाही. वजावटीच्या क्रमातही कायद्याने शहाणपण दाखवले आहे: आधी चालू वर्षाचा घसारा, मग पूर्वीचा धंद्यातील तोटा, आणि शेवटी पूर्वीचा घसारा. जो लवकर मरणार त्याला आधी खर्च करावे, असा हा हिशेब आहे.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. तुमसर किंवा लाखनीकडील एखादी भागीदारीतील राइस मिल कल्पावी. पुराच्या वर्षी तिचा एकूण तोटा चोवीस लाख रुपये. त्यांपैकी सहा लाख घसारा आणि अठरा लाख निव्वळ धंद्यातील तोटा. पुढील वर्षांत घसारा वजा जाता तिला दरवर्षी दोन लाख रुपये नफा होतो असे धरू. विवरणपत्र वेळेत भरलेले असेल, तर आठ वर्षांत सोळा लाखांचा तोटा वजा होईल, उरलेले दोन लाख मुदत संपल्यामुळे कायमचे बुडतील, आणि सहा लाखांचा घसारा नवव्या वर्षीही हाताशी राहील. भागीदारी संस्थेला पहिल्या रुपयापासून तीस टक्के कर व त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के द्यावे लागतात. विवरणपत्र वेळेत भरलेले नसेल, तर अठरा लाख एका झटक्यात जातात. घसारा पहिल्या तीन वर्षांत संपतो, आणि पुढच्या पाच वर्षांत दहा लाखांवर तीन लाख बारा हजार रुपये कर भरावा लागतो. शिवाय सहा लाखांचा घसारा खर्ची पडलेला असतो, त्याची भविष्यातील किंमत एक लाख सत्याऐंशी हजार दोनशे. थोडक्यात, एक तारीख चुकल्याची शिक्षा चार लाख नव्व्याण्णव हजार दोनशे रुपये. करचुकवेगिरीसाठी नव्हे, तोटा झाला हे उशिरा सांगितल्याबद्दल.

भंडाऱ्याच्या संदर्भात या प्रश्नाला एरवीपेक्षा अधिक धार का आहे, हे येथील धंद्यांकडे पाहिले की कळते. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर उरलेल्या सात तालुक्यांच्या या जिल्ह्याचे अर्थकारण मुख्यतः धानाभोवती फिरते. तलावांचा आणि पितळी भांड्यांचा हा जिल्हा. मोहाडी-आंधळगावकडे कोशाचे कापड, तुमसर तालुक्यात मॅंगनीजच्या खाणी. पण गावोगावचा कारखाना म्हणजे राइस मिल. आणि राइस मिलचा नफा हा मालकाच्या हुशारीपेक्षा इतरांच्या निर्णयांवर ठरतो. शासकीय खरेदीतील धानाची भरडाई करून देणारा गिरणीवाला कच्च्या तांदळासाठी क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत देण्यास बांधलेला असतो. केंद्राचा भरडाई दर क्विंटलमागे दहा रुपये. राज्याने त्यावर वेळोवेळी पूरक रक्कम जाहीर केली, आणि ती वेळेवर मिळावी म्हणून गिरणीवाल्यांनी वेळोवेळी दारे ठोठावली. धानात तूट अधिक निघाली, तांदळाची कणी जास्त झाली, तर फरक त्याच्या खिशातून जातो. कणी आणि कोंडा विकून तो भरून काढावा, तर तेथेही सरकारचा हात पोचतो. सप्टेंबर २०२२ मध्ये कणीच्या निर्यातीवर बंदी आली. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ती २०२४ च्या सप्टेंबरअखेर उठली. कणीवरील बंदी २०२५ च्या मार्चमध्ये. देशातील धान्याचे भाव आटोक्यात ठेवण्यासाठी हे निर्णय घेतले गेले, आणि त्यामागील हेतू वादाचा नाही. पण अशा निर्णयाने ज्याच्या गोदामातील मालाचे भाव रात्रीत उतरतात, त्याचा तोटा हा राष्ट्रहितार्थ झालेला तोटा असतो. त्याला निदान तो पुढे ओढण्याची पुरी संधी द्यावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

पुराच्या तोट्यात आणखी एक गुंता आहे. भिजलेला माल हा विक्रीसाठीचा साठा असल्यामुळे त्याची हानी धंद्यातील तोटा म्हणून मान्य होते. विम्याची रक्कम मिळाली असेल तर ती वजा जाता. यंत्राची दुरुस्ती खर्चात धरता येते. परंतु इमारतच कोसळली तर ती हानी भांडवली ठरते आणि त्या वर्षाच्या नफा-तोट्यात येत नाही. वस्तू व सेवा कराचा कायदा तर याहून कठोर आहे. नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची जी वजावट व्यापाऱ्याने घेतलेली असते, ती त्याला परत करावी लागते. पुरात साड्या वाहून गेलेल्या कापड दुकानदाराला माल गेला तो गेलाच, वर त्या मालावरचा करही पुन्हा भरावा लागला. पितळेच्या भांड्यांना या बाबतीत दैवाने झुकते माप दिले आहे. चिखल धुतला की बटलोई पुन्हा दुकानात मांडता येते.

लहान दुकानदाराचे प्रकरण निराळेच. दोन कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना कायद्याने अनुमानित नफ्याची सवलत दिली आहे. रोख व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा तीन कोटी. उलाढालीच्या आठ टक्के, रोखीने न झालेल्या व्यवहारांवर सहा टक्के नफा झाला असे मानायचे आणि हिशेबाच्या कटकटीतून सुटायचे. सवलत उपयुक्त आहे यात शंका नाही. पण तिच्यात तोट्याला जागाच नाही. ज्या वर्षी दुकान पाण्याखाली गेले त्या वर्षीही कायदा असे मानतो की, नफाच झाला असला पाहिजे. तोटा दाखवायचा असेल तर सवलत सोडा, रोजमेळ, खतावणी, साठ्याची नोंद सादर करा, आणि पुढील पाच वर्षे सवलतीबाहेर राहा. ज्याने सवलतीवर विसंबून वर्षानुवर्षे खतावणी ठेवलीच नाही, त्याने पुराच्या दुसऱ्या दिवशी ती कोठून आणावी? अशा माणसासमोर सनदी लेखापाल हात वर करतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

भागीदारीत तर तोट्याला माणसांशी बांधून ठेवले आहे. संस्थेचा तोटा संस्थेकडेच राहतो, भागीदाराला तो स्वतःच्या विवरणपत्रात नेता येत नाही. परंतु एखादा भागीदार निवृत्त झाला किंवा मृत्यू पावला, तर तोट्यातील त्याचा हिस्सा संस्थेलाही वापरता येत नाही. वरील उदाहरणातील मिल सख्ख्या भावांची असेल आणि पुरानंतरच्या वर्षी धाकटा वेगळा झाला, तर अठरा लाखांपैकी त्याच्या हिश्श्याचे रुपये त्याच्याबरोबर जातात. कोणाच्याच उपयोगाला न येता जातात. आपल्याकडे घरच्या वाटण्या आणि धंद्यातील मंदी यांचे जुने सख्य आहे. तोटा झाला की भावांचे फाटते, आणि फाटले की तोट्याचा कायदेशीर उपयोगही घटतो. याउलट, एकट्याच्या मालकीचा धंदा वारसाने मुलाकडे आला तर वडिलांचा तोटा मुलाला मिळतो. विकत घेणाऱ्या परक्याला मिळत नाही. हा फरक करण्यामागे कारण आहे. तोट्यांचा बाजार भरू नये, बुडीत कंपन्या केवळ त्यांच्या तोट्यासाठी विकत घेतल्या जाऊ नयेत, म्हणून कंपन्यांच्या भागधारकांत मोठा बदल झाल्यास तोटा नाकारणारी तरतूद आहे. मोठ्या कंपन्यांना विलीनीकरणाचा मार्ग मोकळा असतो. २०२५ च्या वित्त कायद्याने तेथेही आठ वर्षे मूळ तोट्याच्या वर्षापासूनच मोजावीत असे ठरवून एक पळवाट बुजवली. मात्र भाऊ वेगळे होणे ही करचुकवेगिरीची युक्ती नव्हे, हे कायद्याला कधी तरी उमगायला हवे होते.

येथे एक विपरीत गोष्टही नोंदवली पाहिजे. तोट्याची वजावट ऐच्छिक नाही. पुढच्या ज्या वर्षी धंद्यात नफा होईल त्याच वर्षी ती झालीच पाहिजे, मग त्या नफ्यावर कर लागणार असो वा नसो. एकट्याच्या मालकीचा दुकानदार वर्षाला दोन-तीन लाख मिळवत असेल, तर ते उत्पन्न एरवीही करमुक्त मर्यादेत आले असते. तरी त्याचा जुना तोटा त्यात जिरून जातो आणि बदल्यात एक पैसाही वाचत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. त्यामुळे व्यक्तीच्या बाबतीत पुढे ओढलेल्या तोट्याचे मोल आणखी घटले. म्हणजे ज्याला करच नाही त्याला हक्क पुरा मिळतो, आणि पहिल्या रुपयापासून कर भरणारी लहान भागीदारी संस्था, जिला या हक्काची खरी गरज, ती मुदत, वाटणी आणि वर्षमर्यादा या तीन दारांत अडकते. या विषयाचा विचार करताना दुकानदार आणि मिल यांना एकाच पंगतीत बसवण्याची चूक म्हणूनच करू नये.

आणि शेतकरी? भंडाऱ्यात त्या पुराने सर्वांत मोठे नुकसान केले ते त्याचे. पण प्राप्तिकराच्या जगात त्याचा तोटा अस्तित्वातच नाही, कारण त्याचे उत्पन्न तेथे मोजले जात नाही. राज्यघटनेने शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राकडे आणि शेती उत्पन्नावरील कर राज्यांकडे दिला. करमुक्त उत्पन्नाचा तोटाही करबाह्य, हे तर्कशास्त्र बिनचूक आहे. त्यामुळे पवनी तालुक्यातील ज्या शेतकऱ्याने दहा एकर धान गमावले आणि ज्याचे गावात खताचे दुकान आहे, त्याला दुकानाच्या नफ्यातून धानाचा तोटा वजा करता येत नाही. डॉ. के. एन. राज समितीच्या १९७२ मधील शिफारशीनंतर शेती उत्पन्न बिगरशेती उत्पन्नाचा कराचा दर ठरवण्यापुरते मिळवण्याची पद्धत आली. तेवढ्यापुरता शेतीचा तोटा आठ वर्षे शेती उत्पन्नातून वजा होतो. तो कोणी मागितल्याचे क्वचितच ऐकू येते. शेतकऱ्याला कर नाही म्हणून त्याचा हेवा करणाऱ्या शहरी वाचकाने नाण्याची ही दुसरी बाजूही पाहावी.

राज्य सरकारकडे उत्पन्नाशी दुरून संबंध असलेला एक कर आहे, तो व्यवसाय कर. १९७५ च्या कायद्याने तो महाराष्ट्रात आला आणि रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हा त्याचा हेतू होता. घटनेने त्यावर वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. तो नफ्यावर नव्हे, व्यवसाय करण्यावर आहे. तोटा झाला म्हणून तो माफ होत नाही. रक्कम लहान, तेव्हा त्याविषयी रडगाणे गाण्याचे कारण नाही. मात्र राज्यांना उत्पन्नावर कर बसवण्याचे व्यापक अधिकार दिले असते तर काय झाले असते, याचे चित्र अमेरिकेत पाहायला मिळते. तेथे संघराज्याच्या आयकराशिवाय बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर असतो आणि तोट्याचे नियम राज्याराज्यांत बदलतात. संघराज्याने २०१७ च्या कायद्याने वर्षांची मर्यादा काढून टाकली. मात्र एका वर्षीच्या करपात्र उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच तोटा वजा करता येईल असे ठरवले. कॅलिफोर्नियाने तिजोरीत खड्डा पडला तेव्हा २०२४ ते २०२६ या वर्षांसाठी दहा लाख डॉलर वा अधिक उत्पन्न असणाऱ्यांची ही वजावट सरळ स्थगित केली. मुदत मात्र तितकी वाढवून दिली. तिकडे धंदा करणाऱ्या मराठी कुटुंबांना एकाच तोट्याच्या दोन वह्या ठेवाव्या लागतात, आणि राज्य बदलले की वही बदलते. भारतात निदान भंडाऱ्याचा तोटा आणि बालाघाटचा तोटा एकाच मापाने मोजला जातो, हे आपल्या व्यवस्थेचे श्रेय मान्य केले पाहिजे.

पण अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या अनुभवातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. महासाथीच्या काळात अमेरिकेने २०२० साली तोटा मागील पाच वर्षांच्या नफ्यातून वजा करून भरलेला कर परत घेण्याची तात्पुरती मुभा दिली. ब्रिटनमध्ये एक वर्ष मागे जाण्याची सोय एरवीही आहे. ती २०२१ च्या कायद्याने तात्पुरती तीन वर्षांची केली. यातले मर्म असे की, बुडालेल्या माणसाला मदत हवी असते ती बुडाला त्या वर्षी. पुढे ओढलेला तोटा म्हणजे नफा होईल तेव्हा मिळणारी सूट. आणि नफा होण्यासाठी आधी धंदा तगला पाहिजे. ज्या गिरणीने पूर्वीच्या दोन वर्षांत प्रामाणिकपणे कर भरला, तिला तोच कर परत मिळाला असता तर तिने त्यातून मोटार दुरुस्त केली असती, मजुरांची थकबाकी दिली असती. आपल्या कायद्यात अशी मागे जाण्याची वाट नाही. ती सरसकट खुली करावी असे म्हणणे धाडसाचे ठरेल. खोटे तोटे उभे करून परतावे लाटण्याचा धोका खरा आहे. पण ज्या तालुक्यांत शासनाने स्वतः आपत्ती घोषित केली, जेथे महसूल खात्याचा पंचनामा झाला, तेथे मर्यादित रकमेपुरती एक-दोन वर्षे मागे जाण्याची मुभा देण्यास कोणता मोठा धोका आहे? पुरावा सरकारनेच गोळा केलेला असतो. एका खात्याचा पंचनामा दुसऱ्या खात्याने वाचावा, एवढेच.

यावर महसुलाच्या बाजूने उत्तर येईल की, कायद्यात उशिराच्या क्षमेची सोय आहेच. ते खरे आहे. तोटा पुढे ओढण्यासाठी उशिरा विवरणपत्र भरण्याची परवानगी देण्याचा अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यांना आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने एक कोटीपर्यंतच्या दाव्यांसाठी हा अधिकार प्रधान आयुक्तांकडे, एक ते तीन कोटींसाठी मुख्य आयुक्तांकडे आणि त्यावरील दाव्यांसाठी प्रधान मुख्य आयुक्तांकडे दिला. पूर्वी मर्यादा याहून बऱ्याच कमी होत्या, तेव्हा ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण अर्ज करायचा तो एकेकाने. अडचण खरी होती हे सिद्ध करायचे तेही एकेकाने. नागपूरच्या कचेरीत हेलपाटे घालण्याची ऐपत ज्याला आहे त्याला ही क्षमा सुलभ, लाखांदूरच्या दुकानदाराला दुर्मीळ. अद्ययावत विवरणपत्राची जी नवी सोय २०२२ पासून झाली आहे, तिच्यातून नव्याने तोटा मागता येत नाही. चुकलेले उत्पन्न कबूल करण्यासाठी दार उघडे, चुकलेला तोटा सांगण्यासाठी बंद.

सरकारला सामूहिक मुदतवाढ देता येत नाही असेही नाही. महासाथीमुळे २०२०-२१ या आर्थिक वर्षाची विवरणपत्रे भरण्याची तारीख साऱ्या देशासाठी वाढवली गेली होती: लेखापरीक्षण नसलेल्यांना ३१ डिसेंबर २०२१, असलेल्यांना १५ मार्च २०२२. पुराचे वर्ष तेच असल्याने भंडाऱ्यालाही त्या वाढीचा लाभ आपोआप मिळाला. पण तो पुरामुळे नव्हे, योगायोगाने. ऑगस्ट २०२२ मध्ये वैनगंगेला पुन्हा पूर आला तेव्हा तसा योग आला नाही.

त्या मुदतवाढीनंतरही ज्यांची विवरणपत्रे राहून गेली, त्यांच्यापुढे आज एकच वाट आहे. परिपत्रकाप्रमाणे क्षमेचा अर्ज आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. २०२० च्या पुराचे आकारणी वर्ष २०२१-२२. ते ३१ मार्च २०२२ रोजी संपले, आणि अर्जाची अखेरची तारीख ठरली ३१ मार्च २०२७. २०२२ च्या पुरासाठी हीच तारीख ३१ मार्च २०२९ येते. अर्जासोबत तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत, विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, बँकेला दिलेली साठ्याची मासिक पत्रके आणि वस्तू व सेवा कराची त्या वर्षीची विवरणे जोडता येतील. भिजलेल्या वह्यांची जागा ही कागदपत्रे बऱ्याच अंशी भरून काढतात, कारण ती दुसऱ्याच्या दप्तरात सुरक्षित असतात. अर्ज मान्य झाला तरी तोटा मोजला जाईल तो मूळ वर्षापासूनच, आणि २०२० च्या पुराचा तोटा वजा करता येईल तो २०२९-३० या आकारणी वर्षापर्यंत.